मास्तरांची शुगर

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मास्तरांची आहे, पण लिहिणार मी. गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज काय खाल्लं, किती चाललात, कोणती आसनं केलीत ते लिहून ठेवा आणि पुढच्या खेपेला दाखवा. घरी आल्याबरोबर मास्तरांनी वही माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "तूच लिही. तुझं अक्षर चांगलं आहे." सगळी नोकरी फळ्यावर लिहिण्यात गेली आणि अक्षर माझं चांगलं.

मास्तर म्हणजे माझे यजमान, हरिदास भैसारे, जिल्हा परिषदेच्या शाळेचे मुख्याध्यापक. सगळं गाव मास्तर म्हणतं म्हणून मीही वहीत तेच लिहीन. गेल्या आठवड्यात शाळेत प्रार्थनेच्या वेळी चक्कर येऊन पडले. तपासलं तर शुगर, आणि तीही भरपूर. गोळ्या दिल्या आहेत. भात कमी करा, पोट उतरवा, रोज सकाळी हलका योग करा, नाहीतर इन्शुलिनवर जावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. परतीच्या एसटीत मास्तर धानोरा येईपर्यंत आपल्या पायांकडेच बघत होते. त्यांच्या थोरल्या भावाचा पाय शुगरनेच गेला. आधी अंगठा, मग गुडघ्यापर्यंत, आणि मग दीड वर्षात माणूसच गेला. ते दोघांच्याही डोक्यात होतं.

आजचं जेवण: दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी. भात नाही. ताटाकडे असे बघत होते की मलाच वाईट वाटलं. मग माझ्यासाठी वेगळा भात लावायचा कंटाळा आला, मीही भाकरीच खाल्ली. फार थकले आहे. उद्यापासून व्यवस्थित लिहीन.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

योगाचा वर्ग विहारात सुरू झाला. उपकेंद्रात चार माणसं आडवी होतील एवढीही जागा नाही. पुनम सिस्टर शिकवते. आमच्या उपकेंद्रात नवीनच आली आहे, अहेरीकडची, वयाने आमच्या अश्वजितपेक्षाही लहान. अश्वजित आमचा मुलगा, पुण्यात कंपनीत असतो.

पहिल्याच दिवशी गडबड झाली. सगळे मांडी घालून बसले, पुनमने डोळे मिटायला सांगितलं आणि लांब आवाज लावून ॐ म्हणायला सुरुवात केली. समोर बुद्धाची मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो. विहाराचं बघणारे श्रावणभाऊ तडक उठून उभे राहिले. "म्याडम, हे इथी चालत नाई."

बिचारीचं तोंड एवढंसं झालं. "मले ध्यानातच नाई आलं हो भाऊ. ट्रेनिंगमध्ये असंच शिकवलं."

"ट्रेनिंगवाल्यायले सांगा इकडं या म्हना."

आता वर्ग मोडतो की काय असं मला वाटलं. पण मास्तरांनी सांभाळून घेतलं. म्हणाले, "श्वास तं सगळ्यायचा आहे ना? आपन श्वास घेऊ. बाकी राहू द्या." मग पुनम नुसती म्हणत गेली, श्वास आत, श्वास बाहेर, आणि श्रावणभाऊही बसले. असं काही सुचलं की मास्तर मला अजूनही आवडतात.

मी वर्गात नाही. मी मास्तरांची चादर, पाण्याची बाटली आणि चष्मा घेऊन खांबाला टेकून बसते. पुनम म्हणाली, "बाई, तुम्ही पन या ना." मी म्हटलं, मला कशाला, मी तर काडीसारखी आहे. बाटलीतलं पाणी मास्तरांसाठी नेलं होतं, ते मीच पिऊन टाकलं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर: अर्धा तास चालले. ताडासन, मांजरीसारखी पाठ वर-खाली करायचं ते आसन, जेवणानंतर वज्रासन. वज्रासनात पाच मिनिटं बसवत नाही, पायाला मुंग्या येतात म्हणून ओरडतात.

गुळाची ढेप मी पेटीत ठेवून कुलूप लावलं. साखरेचा डबा शिलाई मशीनच्या खणात. मास्तर शाळेतून आले की मांजरासारखे स्वयंपाकघरात फिरतात, डबे हलवून बघतात. काल रंगेहाथ पकडले, बेसनाच्या डब्यात बोट घालून चाखत होते. कोरडं बेसन! हसूही आलं आणि दयाही.

लोकांचं शिवण पडून आहे. दुपारी मशीनवर बसले की पेंग येते. एक बरं झालं, अश्वजितच्या बारशाला शिवलेलं हिरवं ब्लाऊज आज अंगात गेलं, वर ढिलंही झालं. मास्तर इतके वाकतात, घाम गाळतात, त्यांचं पोट इंचभर हलत नाही, आणि मी नुसती खांबाला टेकून बारीक झाले. म्हटलं, योग बघूनही लागू पडतो वाटतं. मास्तरांना राग आला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज लाज गेली.

पुनमने शेवटी मला ओढून वर्गात घेतलंच. हात वर ताणायचे, मग कमरेतून हळूहळू वाकायचं, जेवढं जमेल तेवढंच. "ओढाताण नाई करायची," ती सारखी सांगत होती. "जिथं अंग नाई म्हनते तिथं थांबायचं." माझं अंग सगळीकडेच नाही म्हणत होतं. एका पायावर उभं राहायचं आलं तर मला उभंच राहवेना, पाय जमिनीला लागलाय की नाही तेच कळत नव्हतं. खांब धरला.

मग शवासन. डोळे मिटा, अंग सोडून द्या. मी सोडलं ते सोडलंच. जाग आली तेव्हा सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. मी घोरत होते म्हणे, विहारभर ऐकू जाईल असं. मास्तर घरी येताना दोन पावलं पुढे चालत होते.

"रातभर झोपतेस तरी इथी कायले झोपलीस?" ते म्हणाले.

रात्रभर कुठे झोपते? तीनतीनदा उठून मागच्या मोरीत जावं लागतं. पण ते काय सांगायचं रस्त्यात. "थकली होती," एवढंच म्हटलं. "मंग झोप घरी," म्हणाले.

पुनम मात्र हसली नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, उद्या उपाशीपोटी येऊन जा, तुमची पन शुगर पाहून घेऊ." मी हो म्हटलं. शुगर खुर्चीत बसणाऱ्या पोटवाल्या माणसांना होते, मला थोडी होणार. पण पोरीचं मन मोडायचं नव्हतं.

९ मार्च, रविवार

उपकेंद्रात जायचं राहून गेलं. त्या दिवशी मास्तरांचा डबा होता, मग पाहुणे आले, मग पुनमच मीटिंगला गेली.

ऊन वाढलं. माठ संध्याकाळच्या आत रिकामा होतो. सुईत दोरा ओवता येत नाही, दोन्ही हलतात. धानोऱ्यात जाऊन चष्म्याचा नंबर बदलून घ्यायला हवा. तोपर्यंत शेजारच्या रीनाला हाक मारून दोरा ओवून घेते. शाळेत जाणारी पोर आहे, दर वेळी म्हणते, "आता तं शिकून घ्या काकू."

अश्वजितचा फोन आला होता. "आई, बाबांची शुगर किती?" मी सांगितलं. "त्यांना भात देऊ नको." देत नाही म्हटलं. "आणि चालायला लाव." लावते म्हटलं. मग त्याची मीटिंग होती.

२२ मार्च, शनिवार

बुधरी आली होती. पलीकडच्या टोल्यावर, म्हणजे वस्तीवर, राहते, गोंड आहे. मोहफुलं, चारोळी, लाख, जे जंगलात मिळेल ते आणून विकते. आमच्या बचत गटाला मोहफुलं तीच देते. बारा-पंधरा वर्षांची मैत्री आहे. माझ्याकडे बघून टोपली ठेवायचीच विसरली.

"बाई, काय झालं तुमाले? हाडंच दिसून राह्यली."

"वय झालं बुधरी."

"वय मायं नाई झालं का? अशक्ती आली तुमाले. थांबा."

दुपारी परत आली ती मोहाचे लाडू घेऊन. वाळवलेली मोहफुलं भाजून, कुटून, तीळ आणि शेंगदाणे घालून केलेले. आमच्या भागात बाळंतिणीला, अशक्त पोरीला हेच देतात. मोह मुळातच इतका गोड की वेगळी साखर टाकावी लागत नाही. "सकाळी एक, संध्याकाळी एक खाजा. ताकत येते," बुधरी म्हणाली. पैसे द्यायला गेले तर हात मागे घेतला.

मास्तरांना वासच लागला. "मोहाचे का? एक दे ना."

"गोड आहे. तुम्हाला नाही."

"अवं, जंगलातलं गोड आहे ते. साखर थोडी आहे."

"तुम्हाला कोणतंच गोड नाही," मी म्हटलं आणि डबा मशीनच्या खणात टाकून खण लावला. पण त्यांचं म्हणणं मला पटलं हेही खरं. कारखान्याची साखर वेगळी, झाडावरून पडलेलं फूल वेगळं. रात्री दोन लाडू खाल्ले. इतक्या दिवसांत काहीतरी फक्त माझ्यासाठी घरात आलं होतं. खाताना डोळ्यांत पाणी आलं, काय वेडेपणा.

२ एप्रिल, बुधवार

मोहाचा हंगाम ऐन भरात आहे. गटाला बाबासाहेबांच्या जयंतीच्या स्टॉलसाठी लाडू करायचे आहेत म्हणून आज पहाटे मीही बुधरीबरोबर वेचायला गेले. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं असतं, खालचा पाला आधीच झाडून ठेवतात. बुधरी झाडाखाली जाताना चप्पल बाजूला काढते. ज्या झाडाचं खातो त्याच्या फुलांवर चप्पल घालून चालायचं नाही, ही त्यांची रीत. तिच्या झाडाखाली आपण तिच्याच रीतीने वागायचं, म्हणून मीही काढली.

वाकून वेचायचं, वाकूनच पुढे सरकायचं. बुधरी म्हणाली, "तुमच्या त्या सिस्टरले इथी आना. आमचा योगा पाहू द्या." मला हसायलाही दम नव्हता. अर्धी टोपली झाली आणि मी झाडाला टेकून बसले. मोहाच्या वासाने डोकं जड झालं. बुधरीने आपली टोपली भरली, मग माझी भरली.

घरी आल्यावर मास्तर म्हणाले, "पायाले रक्त कायचं?" तळव्याखाली थोडं ओलं होतं. दगडाबिगडावर खरचटलं असेल. दुखत नव्हतं, म्हणून पाणी टाकून पुसलं आणि भाकरी टाकायला बसले.

८ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी! मास्तरांची शुगर उतरली. पुनमने सकाळी वर्गातच तपासली आणि सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. श्रावणभाऊ म्हणाले, "मास्तर, तुम्ही तं हिरो झाले." मास्तरांनी तिथल्या तिथे ताडासन करून दाखवलं, टाचा वर उचलून. पँट आता खरंच कमरेवरून सरकते. मला मनापासून बरं वाटलं. पाय वाचला.

पुनम शुगरचं मशीन घेऊन माझ्याकडे वळली. "बाई, आता तुमचा नंबर." मी म्हटलं, आज मी लाडू खाऊन आले, उपाशी नाही. ती म्हणाली, चालते. पण तेवढ्यात मास्तर म्हणाले, चला, शाळेला उशीर होते, डबा राहिलाय. मी उठले.

एक कळत नाही. मागच्या मोरीत काळ्या मुंग्यांची रांग लागते आहे. सासूबाई सांगायच्या, थोरल्या भाऊजींची शुगर तशीच कळली होती, लघवीला मुंग्या लागल्या म्हणून. मास्तरांची उतरली म्हणतात तर मुंग्या कशाला येतात? पुनमच्या मशीनवर माझा पूर्ण विश्वास नाही. मास्तरांना काही बोलले नाही, त्यांचा आनंद कशाला घालवा. उद्यापासून त्यांची अर्धी भाकरी आणखी कमी करते.

१५ एप्रिल, मंगळवार

काल जयंती झाली. मिरवणूक, भाषणं, जेवणं. आमच्या स्टॉलवरचे लाडू दुपारीच संपले. मी सकाळपासून पुऱ्या तळत होते. पांढरी साडी, नवी चप्पल. संध्याकाळी चप्पल काढली तर उजवा पाय चपलेपेक्षा मोठा झालेला. उभं राहून सुजला. रात्री थंडी वाजली, दोन चादरी घेतल्या. एप्रिलमध्ये!

आज अंग तापलंय. बुधरीचे लाडू चारपाच उरले होते, ते खाल्ले. ताकद यायला हवी.

१९ एप्रिल, शनिवार

डाव्या हाताला सलाइन आहे, उजव्याने लिहिते आहे. गडचिरोलीच्या दवाखान्यात.

सकाळी वर्गात गेले नसते तर बरं झालं असतं, असं आधी वाटलं. आता उलट वाटतं. पुनमने आज नवीन प्रकार सांगितला होता. भिंतीजवळ पाठीवर झोपायचं आणि दोन्ही पाय सरळ वर भिंतीला लावायचे. "काहीच करायचं नाई. पाय वर, श्वास चालू," ती म्हणाली. सगळ्या बाया साड्या सावरत, हसत, भिंतीला पाय लावून पडल्या. पुनम एकेकीचे पाय सरळ करत आली आणि माझ्याजवळ थांबली.

"बाई, हे काय आहे?"

"काय?"

"तुमच्या पायाले. काटा आहे आत. पू आला आहे पूर्ण." ती एकदम खाली बसली. "दुखत नाई का तुमाले?"

मी म्हटलं, नाही. तिने बोटाने दाबलं. "आता?" मला वाटलं ती दाबायची आहे अजून. "आता?" मी म्हटलं, दाब ना. मान उचलून बघितलं तर तिचा अंगठा माझ्या तळव्यात रुतलेला होता, आणि पू ओघळून घोट्यापर्यंत आला होता. मला काही म्हणजे काहीच कळत नव्हतं. तो पाय दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा भिंतीवर होता.

मशीन तिच्या बॅगेतच होतं. यावेळी तिने विचारलं नाही, बोट धरलं आणि टोचलं. मशीनने आकडाच दाखवला नाही. मशीन मोजू शकत नाही इतकी जास्त असली की असं होतं, असं ती मास्तरांना सांगत होती. मास्तर म्हणाले, "मशीन खराब झाली असन. त्या दिवशी तं माझी बरोबर दाखवली."

"मशीन चांगली आहे सर," पुनम म्हणाली. "गाडी पाहा."

२२ एप्रिल, मंगळवार

उजव्या पायाची करंगळी काढली. बाकी पाय वाचला असं डॉक्टर म्हणाले. आठवडाभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. काटा मोहाच्या झाडाखालचाच. तितके दिवस मी त्यावर चालत होते, पुऱ्या तळत होते.

ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी काही त्रास होता?"

मी तोंड उघडायच्या आत मास्तर म्हणाले, "नाई हो म्याडम. हिले कधीच काई झालं नाई. शुगर माझी आहे."

डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुम्ही सांगा. तहान? रात्री उठावं लागायचं? वजन? डोळ्यांना अंधुक?" त्या एकेक विचारत होत्या आणि मी हो, हो म्हणत होते. परीक्षेचा पेपर आधीच फुटल्यासारखं वाटत होतं. सगळं येत होतं मला. "थकवा कधीपासून?" इथे अडले. थकवा कधीपासून हे बाईमाणसाने कसं सांगायचं? म्हटलं, आठवत नाही.

"हा थकवा आजाराचा आहे," त्या म्हणाल्या. "साखर रक्तातच राहते, अंगाला मिळत नाही. अंग उपाशी राहतं. खाऊन खाऊनही उपाशी."

मी रडायला लागले. मास्तर घाबरले, पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "भिऊ नको, एक बोटच आहे." मी भीतीने रडत नव्हते. मी दोन वर्षं स्वतःला आळशी म्हणत होते. शिवण पडून राहायचं, मशीनवर डोळा लागायचा, भांडी तशीच राहायची, आणि रोज मनात स्वतःला शिव्या घालायचे. मी आळशी नव्हते. हे मास्तरांना सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर आणखी रडू आलं असतं.

लाडवांचंही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. "मोहफूल म्हणजे साखरच हो. अशक्त पोरींना चांगलं, तुम्हाला नाही." आणि मोरीतल्या मुंग्या माझ्यासाठी येत होत्या. मास्तरांची अर्धी भाकरी उगाच कापली.

३० एप्रिल, बुधवार

घरी आले. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. पुनम येऊन टोचायला शिकवून गेली. पायावर भार द्यायचा नाही, म्हणून खुर्चीत बसून करायचे प्रकार दाखवले: खांदे फिरवायचे, हात वर ताणायचे, मान हळू वळवायची, कमरेतून डावीकडे, उजवीकडे. "औषधासारखंच समजा," म्हणाली. "हलकं, पन रोज."

दुपारी बुधरी आली. दारातच उभी राहिली, आत येईना. कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"बाई, मी जहर चारलं तुमाले."

"आत ये आधी."

"मले काय मालूम? आमी सगळ्यायले तेच देतो. मायी सून बाळंत झाली तं तेच खाऊन उभी झाली."

"तुझा लाडू चांगला आहे बुधरी. माझं अंग वाईट होतं. सुनेला देत राहा."

तिने माझा पाय बघितला. पट्टी बांधलेला. मग म्हणाली, "या घरात तुमी दुबळ्या झाल्या ते मलेच दिसलं काय?" ती गेल्यावर ते वाक्य संध्याकाळभर डोक्यात फिरत राहिलं. पण फक्त वाईट वाटलं. याहून जास्त काही वाटायला अंगात ताकदच नाही.

११ मे, रविवार

आज सकाळी जाग आली आणि काहीतरी चुकलंय असं वाटलं. बघितलं, मास्तर उठले होते, दार उघडं होतं, माठ भरलेला होता. मग लक्षात आलं. मी थकलेली नव्हते. रात्री एकदाही उठले नव्हते. हात हलके, डोकं हलकं. अंग असंही असतं हे मी विसरूनच गेले होते. पलंगावर तशीच पडून राहिले, उठायला जमत नाही म्हणून नव्हे, उठता येतंय म्हणून.

बाहेर मास्तर अश्वजितशी फोनवर बोलत होते. हल्ली चूल ते सांभाळतात, फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरतात. "माझी एकदम कंट्रोलमध्ये. डॉक्टर खूश आहेत. तुझ्या आईनं घाबरवलं बाप्पा सगळ्यायले. तिचं असंच आहे, कधी काई सांगतच नाई."

मला राग आला. असा की कानशिलं गरम झाली. इतका राग कित्येक वर्षांत आला नव्हता. त्यालाही ताकद लागते, हे आज कळलं. काठी धरून बाहेर गेले.

"सांगतलं नाई मी?"

मास्तर दचकले. "अवं, तू कायले उठली?"

"रोज सांगत होती. थकली, थकली म्हनत होती. तुम्ही म्हनत होता, झोप. डॉक्टरसमोर मले बोलू नाई दिलं. काय म्हनले, हिले कधीच काई झालं नाई?"

फोनमधून अश्वजित म्हणाला, "आई?"

मास्तर हातातल्या वांग्याकडे बघत उभे होते. मग हळू म्हणाले, "थकली तं सगळ्याच बाया म्हनतात. माझी माय पन म्हने." वांगं खाली ठेवून म्हणाले, "आन तू कधी बसलेली दिसलीच नाई मले. मले वाटलं, ज्याले खरंच काई होते तो बसते."

खोटं बोलत नव्हते. त्यांच्या डोळ्यांतून दिसत होतं, त्यांना खरंच तसं वाटलं होतं. त्याचाच जास्त राग आला, आणि वाईटही वाटलं, दोन्ही एकदम. एवढं शिकलेला माणूस. आणि मीही तशीच, पायात काटा घेऊन पुऱ्या तळणारी.

अंगणातली खुर्ची ओढून घेतली आणि त्यांच्या समोर बसले.

"आता बसून राह्यली," मी म्हटलं. "पाहा."

आणि पुनमने दाखवले तसे दोन्ही हात वर ताणले. श्वास आत. मास्तर खरंच बघत राहिले. भाजी चिरायची सोडून, शाळेतल्या पोरासारखे गप्प. श्वास बाहेर. डावीकडे वळले, उजवीकडे वळले. शेजारून रीना कुंपणापाशी येऊन बघून गेली. मी थांबले नाही, घाईही केली नाही.

फोनमध्ये अश्वजित अजून होता. "आई," तो म्हणाला, "तू कशी आहेस?"

"वेळ आहे का तुले?" मी विचारलं.

"आहे."

मास्तरांनी पाट ओढला आणि तेही बसले. मी हात खाली घेतले आणि हिरव्या ब्लाऊजपासून सांगायला लागले.